विश्लेषण : रिले, एससीआर की आयजीबीटी? घरगुती कॉइलगनचे यश स्विचवर का ठरते?

तांब्याच्या तारेची कॉइल, लोखंडी सळईचा तुकडा आणि थोडी वीज. कॉइलगन नावाचा हा प्रयोग कागदावर सोपा दिसतो. त्यामुळे अभियांत्रिकीच्या प्रकल्पांत आणि विज्ञान प्रदर्शनांत तो हमखास दिसतो. प्रत्यक्षात मात्र अनेकांचा प्रयोग एकाच ठिकाणी अडतो : तुकडा कॉइलमध्ये ओढला जातो आणि तिथेच अडकून बसतो, किंवा बटण दाबताच ठिणगी उडून बटणच वितळते. दोन्हींचे मूळ एकच आहे, ते म्हणजे स्विचची निवड. हा स्विच कसा निवडायचा, त्यामागचे विज्ञान काय आणि अशा प्रयोगात धोका व कायदा यांचा संबंध कुठे येतो, याचा हा आढावा.

कॉइलगन म्हणजे काय?

तारेच्या कॉइलमधून विद्युतप्रवाह गेला की ती चुंबक बनते, हे शाळेत शिकवले जाते. या चुंबकाकडे लोखंड ओढले जाते. कॉइल पोकळ नळीवर गुंडाळलेली असेल, तर नळीच्या तोंडाशी ठेवलेला लोखंडी तुकडा आत खेचला जातो. त्याला मिळालेल्या वेगाने तो पलीकडून बाहेर पडतो. एकामागे एक अनेक कॉइल लावून प्रत्येकीने थोडा थोडा वेग वाढवायचा, ही कॉइलगनची मूळ कल्पना.

रेलगन वेगळी. तिच्यात दोन समांतर धातूच्या पट्ट्या असतात आणि विद्युतप्रवाह सरकत्या भागातूनच वाहतो. कॉइलगनमध्ये तुकड्याला विजेचा स्पर्शही होत नाही. घासणारे विद्युत संपर्क नसल्याने घरगुती प्रयोगासाठी कॉइलगन सोपी वाटते. पण इथे वेळेचे गणित अधिक कडक असते.

सुरू करण्यापेक्षा बंद करणे अवघड का?

चुंबकीय ओढ ही नेहमी कॉइलच्या मध्याकडे असते. तुकडा मध्यापर्यंत पोहोचेपर्यंत ती ओढ त्याचा वेग वाढवते. मध्य ओलांडल्यावर मात्र तीच ओढ त्याला मागे खेचू लागते. म्हणजे तुकडा मध्यावर असताना प्रवाह सुरूच राहिला, तर कॉइलने जे कमावून दिले ते ती स्वतःच परत घेते. अनेक प्रयोगांत तुकडा कॉइलमध्ये पुढे-मागे झुलून थांबतो, तो याचमुळे.

यावर उत्तर एकच : तुकडा मध्यावर येईपर्यंत प्रवाह शून्य झाला पाहिजे. इथे वेळ किती मिळतो, हे एका उदाहरणातून पाहू. समजा, कॉइल ४० मिलिमीटर लांब आहे आणि तुकडा सेकंदाला ५ मीटर वेगाने मध्यावर आला आहे. उरलेले २० मिलिमीटर अंतर तो अवघ्या ४ मिलिसेकंदांत कापेल. एक मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. माणसाचे बोट या शर्यतीत कुठेच नसते. त्यामुळे प्रवाह बंद करण्याचे काम स्विचकडे आणि त्याला हुकूम देणाऱ्या सेन्सरकडे जाते.

साधे बटण किंवा रिले का चालत नाही?

बहुतेकांचा पहिला प्रयत्न बटण किंवा रिलेने होतो. दोन्ही यांत्रिक आहेत, म्हणजे धातूचे दोन तुकडे एकमेकांवर टेकतात आणि दूर होतात. यात तीन अडचणी आहेत.

पहिली अडचण वेगाची. सर्वसाधारण रिलेला जोडले जायला किंवा सुटायला काही मिलिसेकंद लागतात. वरच्या उदाहरणात आपल्याकडे एकूण वेळच ४ मिलिसेकंद आहे. दुसरी अडचण थरथरीची. संपर्क एकदम टेकत नाहीत, ते टेकतात, उसळतात, पुन्हा टेकतात. मोठा प्रवाह वाहत असताना प्रत्येक उसळीला ठिणगी पडते आणि संपर्क एकमेकांना वेल्डिंग झाल्यासारखे चिकटू शकतात. मग बटण सोडले तरी प्रवाह थांबत नाही.

तिसरी अडचण सर्वात महत्त्वाची. घरातली वीज एसी असते. ५० हर्ट्झच्या विजेत प्रवाह दर सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो. त्यामुळे स्विच उघडताना पडलेली ठिणगी आपोआप विझते. बॅटरी किंवा कपॅसिटरची वीज डीसी असते, तिला असा शून्याचा क्षण मिळत नाही. ठिणगी ताणली जाते आणि जळत राहते. बाजारात मिळणाऱ्या छोट्या रिलेवर अनेकदा ‘१० अँपिअर, २५० व्होल्ट एसी’ आणि ‘१० अँपिअर, ३० व्होल्ट डीसी’ असे दोन आकडे छापलेले असतात. दोन आकड्यांतला हा फरक ठिणगीचाच आहे. प्रकल्प करणारे पहिला आकडा वाचतात, दुसरा वाचायचा राहून जातो.

१९०३ मध्ये ओस्लोत काय घडले?

मोठ्या प्रवाहाला आवर घालण्याचा प्रश्न कॉइलगनइतकाच जुना आहे. नॉर्वेचे शास्त्रज्ञ क्रिस्तियान बर्कलँड यांनी १९०१ मध्ये विद्युतचुंबकीय तोफेचे पेटंट घेतले. ध्रुवीय प्रकाशाच्या अभ्यासासाठी ओळखले जाणारे हे तेच बर्कलँड. ६ फेब्रुवारी १९०३ रोजी त्यांनी विद्यापीठाच्या सभागृहात निमंत्रितांसमोर तोफेचे प्रात्यक्षिक ठेवले. त्या वेळी ओस्लोचे नाव क्रिस्तियानिया होते. कळ दाबली गेली आणि शॉर्टसर्किट झाले. कानठळ्या बसवणारा आवाज आणि डोळे दिपवणारी विजेची ज्वाळा यांनी सभागृहात घबराट पसरली. तोफेचा व्यवसाय तिथेच संपला.

पण गोष्ट इथे संपली नाही. त्याच महिन्यात बर्कलँड यांची भेट उद्योजक साम आयडे यांच्याशी झाली. हवेतला नायट्रोजन पकडून खत बनवण्यासाठी आयडे यांना अतिशय प्रखर विद्युत ज्वाळा हवी होती. बर्कलँड यांच्या तोफेने नेमकी तीच दाखवून दिली होती. त्यातून बर्कलँड-आयडे प्रक्रिया जन्माला आली आणि १९०५ मध्ये नॉर्स्क हायड्रो ही कंपनी उभी राहिली. बर्कलँड यांच्या हाताशी अर्धवाहक स्विच नव्हते. आज ते काही शे रुपयांत मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत मिळतात. प्रश्न उरतो तो कोणता घ्यायचा याचा.

एससीआर स्वस्त आणि दणकट, मग अडचण काय?

एससीआर, म्हणजे सिलिकॉन कंट्रोल्ड रेक्टिफायर, हा १९५७ मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीत विकसित झालेला स्विच आहे. घरातल्या पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरमध्ये असतो तो ट्रायॅक हा त्याचाच भाऊ. एससीआरच्या गेटला छोटासा विद्युत इशारा दिला की तो सुरू होतो. तो क्षणभरासाठी आपल्या नेहमीच्या क्षमतेच्या कितीतरी पट प्रवाह सहन करतो, हलणारे भाग नसतात आणि किंमतही कमी असते. त्यामुळे कपॅसिटरवर चालणाऱ्या प्रयोगांत तोच सर्वाधिक वापरला जातो.

मात्र एससीआर सुरू करणे आपल्या हातात असते, बंद करणे नसते. एकदा सुरू झाला की गेटचा इशारा काढून घेतला तरी तो चालूच राहतो. त्यातून वाहणारा प्रवाह जवळपास शून्यावर आला, तरच तो बंद होतो. म्हणून एससीआर थेट बॅटरीला किंवा डीसी पुरवठ्याला जोडून कॉइल चालवली, तर ती बंदच होत नाही. कॉइल तापते, वास येतो आणि मग चूक लक्षात येते.

कपॅसिटर असेल तर तो रिकामा होतो, प्रवाह आपोआप घटतो आणि एससीआर सुटतो. पण मग प्रवाह किती वेळ वाहणार हे कॉइल आणि कपॅसिटर मिळून ठरवतात. उदाहरणार्थ, कॉइलचे इंडक्टन्स २ मिलिहेन्री आणि कपॅसिटर १०० मायक्रोफॅरडचा असेल, तर प्रवाह शिखरावर जायला साधारण ०.७ मिलिसेकंद लागतात. हा वेळ बदलायचा तर प्रोग्रॅममध्ये आकडा बदलून भागत नाही, कॉइल किंवा कपॅसिटरच बदलावा लागतो. त्याच मापाच्या कॉइलचे वेढे दुप्पट केले की इंडक्टन्स चौपट होते आणि हा वेळ दुप्पट होतो. म्हणजे एससीआर निवडला की सगळी जुळवाजुळव कॉइल गुंडाळतानाच करून ठेवावी लागते.

आणखी एक बारकावा. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरला उलटे व्होल्टेज सोसत नाही, म्हणून कॉइलला समांतर डायोड लावतात. कपॅसिटर वाचतो, पण कॉइलमधला उरलेला प्रवाह त्या डायोडमधून फिरत राहतो आणि मध्य ओलांडलेल्या तुकड्याला मागे ओढतो. सुरक्षेसाठी लावलेला भाग वेग कमी करतो, असा हा पेच आहे.

मॉस्फेट आणि आयजीबीटी वेगळे कसे?

हे दोन्ही स्विच गेटच्या इशाऱ्याने सुरूही होतात आणि बंदही होतात. कॉइलगनला हवी असलेली गोष्ट हीच. नळीत इन्फ्रारेड सेन्सर बसवला, तुकड्याने किरण अडवला की मायक्रोकंट्रोलरने गेट बंद केले, इतके सरळ काम होते. नेम चुकला तर प्रोग्रॅममधला आकडा बदलून पुन्हा पाहता येते.

दोघांत फरक व्होल्टेजचा आहे. मॉस्फेट सुरू असताना छोट्या रोधासारखा वागतो. साधारण १०० व्होल्टपर्यंतच्या कामांत हा रोध अगदी कमी ठेवता येतो, म्हणून ड्रोन आणि ई-सायकलच्या कंट्रोलरमध्ये मॉस्फेट दिसतो. व्होल्टेज काही शे व्होल्टवर गेले की पारंपरिक सिलिकॉन मॉस्फेटमध्ये हा रोध वाढत जातो. तिथे आयजीबीटी पुढे येतो.

आयजीबीटीच्या विकासात मोलाचा वाटा असलेले बी. जयंत बालिगा हे मूळचे भारतीय आणि आयआयटी मद्रासचे विद्यार्थी. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जनरल इलेक्ट्रिकमध्ये असताना त्यांनी हे काम केले. २०२४ चा मिलेनियम टेक्नॉलॉजी पुरस्कार त्यांना याच कामासाठी मिळाला. स्वयंपाकघरातली इंडक्शन शेगडी आयजीबीटीवर चालते आणि मुंबईच्या थ्री-फेज लोकलच्या मोटारींना वीज देणाऱ्या यंत्रणेतही तो असतो.

दोन्ही स्विचना एक पथ्य मात्र पाळावे लागते. गेटला पुरेसे व्होल्टेज वेगाने मिळाले पाहिजे. मायक्रोकंट्रोलरची पिन थेट गेटला जोडली तर स्विच अर्धवट उघडा राहतो आणि त्या अवस्थेत क्षणार्धात तापून जळतो. मधे गेट ड्रायव्हर लागतोच.

प्रवाह तोडल्यावर कॉइलमधली ऊर्जा जाते कुठे?

अनेक महागडे स्विच इथेच जळतात. कॉइल वाहता प्रवाह एकदम सोडत नाही. तो तोडायचा प्रयत्न केला की ती स्वतःहून व्होल्टेज वाढवते. वाट दिली नाही, तर ते व्होल्टेज स्विच फोडून वाट काढते.

समजा, २४ व्होल्टचा पुरवठा, २ ओहम रोधाची आणि २ मिलिहेन्रीची कॉइल आहे. प्रवाह १२ अँपिअरपर्यंत जाईल. कॉइलला समांतर फक्त डायोड लावला, तर स्विच बंद झाल्यावर प्रवाह ५ टक्क्यांवर यायला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात. सेकंदाला ५ मीटर वेगाचा तुकडा तेवढ्यात १५ मिलिमीटर पुढे गेलेला असतो. कॉइलचा उरलेला अर्धा भाग २० मिलिमीटरचा. म्हणजे बाहेर पडण्याच्या वाटेचा तीन-चतुर्थांश भाग तो ब्रेक लागलेल्या अवस्थेत कापतो.

आता डायोडच्या जोडीला ६ ओहमचा रोध लावला, तर हाच वेळ सुमारे ०.७५ मिलिसेकंदावर येतो आणि ब्रेकचे अंतर ४ मिलिमीटरच्या आत. पण याची किंमत आहे. प्रवाह तुटण्याच्या क्षणी रोधावर ७२ व्होल्ट येतात, त्यात पुरवठ्याचे २४ मिळवले की स्विचवर जवळपास ९७ व्होल्ट पडतात. २४ व्होल्टच्या प्रयोगाला ६० व्होल्टचा मॉस्फेट भरपूर झाला, असे समजणाऱ्याचा मॉस्फेट पहिल्याच प्रयत्नात जातो. इथे १५० व्होल्टचा हवा.

याहून चांगली रचना म्हणजे प्रत्येक कॉइलला दोन स्विच आणि दोन डायोड. दोन्ही स्विच बंद झाले की कॉइलमधली ऊर्जा उष्णतेत वाया न जाता पुन्हा कपॅसिटरकडे वळते आणि प्रवाहही लवकर घटतो. भाग दुप्पट लागतात, जोडणी किचकट होते, पण तत्त्व समजून घेण्यासारखे आहे.

मग निवड कशी करावी?

निकष चार आहेत : व्होल्टेज किती, प्रवाह किती, बंद करणे आपल्या हातात हवे का आणि खर्च किती. बॅटरीवरचा, कमी व्होल्टेजचा आणि मोजमापासाठी केलेला प्रयोग असेल, तर मॉस्फेट, गेट ड्रायव्हर आणि डायोड-रोध ही जोडी पुरते. एससीआर निवडायचा, तर कपॅसिटर आणि कॉइलची जुळणी आधी गणिताने करावी लागते आणि नंतर बदलाला वाव कमी राहतो. आयजीबीटीची गरज काही शे व्होल्टच्या पुढे सुरू होते. रिलेचा उपयोग कॉइल चालवण्यासाठी नाही, तर पुरवठा वेगळा करण्यासारख्या सावकाश कामासाठी.

अपेक्षाही माफक ठेवाव्यात. बहुतेक घरगुती कॉइलगनमध्ये साठवलेल्या ऊर्जेचा अगदी थोडा भाग तुकड्याच्या वेगात उतरतो, बाकीची कॉइलमध्ये उष्णता होते. ४.५ ज्यूलपैकी २ टक्के, म्हणजे ०.०९ ज्यूल ऊर्जा मिळाली, तर ५ ग्रॅमचा तुकडा सेकंदाला ६ मीटर वेग गाठतो. हाताने सहज फेकलेल्या खड्याइतकाच. पण २ टक्के ३ कसे झाले, हे दाखवता आले तर प्रकल्पाला अर्थ आहे.

खरा धोका तुकड्याचा की कपॅसिटरचा?

कपॅसिटरचा. १०० मायक्रोफॅरड आणि ३०० व्होल्टला साठणारी ऊर्जा ४.५ ज्यूल असते. १००० मायक्रोफॅरड आणि ४०० व्होल्टला ती ८० ज्यूल होते. व्होल्टेज दुप्पट केले की ऊर्जा चौपट होते. इतक्या व्होल्टेजचा मोठा कपॅसिटर हातातून छातीमार्गे रिकामा झाला, तर तो जीव घेऊ शकतो. प्लग काढल्यावरही तो भरलेला राहतो. एकदा रिकामा केल्यावरही त्यावर थोडे व्होल्टेज पुन्हा जमू शकते. कॉइलगनचा व्हिडीओ पाहून जुन्या कॅमेऱ्याचा फ्लॅश उघडणाऱ्यांना हे बहुधा माहीत नसते.

म्हणून कपॅसिटरला कायमचा जोडलेला डिस्चार्ज रोध, हात लावण्यापूर्वी मल्टिमीटरने तपासणी, डोळ्यांवर चष्मा आणि एकट्याने प्रयोग न करणे ही किमान शिस्त. विद्यार्थ्यांसाठी त्याहून चांगला मार्ग म्हणजे उच्च व्होल्टेजच्या वाटेला न जाणे. २४ व्होल्टवर, पारदर्शक नळीत, पलीकडे स्पंज लावून आणि दोन सेन्सरने वेग मोजून स्विचचा सगळा धडा शिकता येतो.

कायदा काय सांगतो?

‘गन’ हे नाव गमतीने दिलेले असले, तरी कायदा ते गमतीने घेत नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २ मध्ये अग्निशस्त्राची व्याख्या केवळ दारूगोळ्यापुरती नाही. स्फोटक किंवा ‘अन्य प्रकारच्या ऊर्जेने’ प्रक्षेपक फेकण्यासाठी बनवलेले शस्त्र त्या व्याख्येत येते. विद्युत ऊर्जा हीही ऊर्जाच. परवान्याशिवाय अग्निशस्त्र बनवण्यास कलम ५ मनाई करते आणि २०१९ च्या दुरुस्तीने शिक्षा आणखी कडक झाल्या आहेत. फक्त खेळणे म्हणूनच वापरता येईल आणि शस्त्रात बदलता येणार नाही, अशा वस्तूंना व्याख्येतून वगळले आहे.

त्यामुळे टेबलावर बसवलेले, कमी व्होल्टेजचे, मोजमापाचे उपकरण आणि हातात धरून नेम धरता येईल असे यंत्र यांत मोठा फरक आहे. महाविद्यालयातील प्रकल्प असेल, तर मार्गदर्शक प्राध्यापकांची लेखी परवानगी आणि प्रयोगशाळेतच काम, ही खबरदारी विद्यार्थ्याच्याच हिताची.

यातून शिकण्यासारखे काय?

मोठा प्रवाह नेमक्या क्षणी सुरू करायचा, नेमक्या क्षणी तोडायचा आणि तोडताना उरलेली ऊर्जा सुखरूप वळवायची, हेच काम ई-वाहनाचा कंट्रोलर, सौर इन्व्हर्टर आणि लोकलची मोटार दर सेकंदाला शेकडो-हजारो वेळा करत असतात. कॉइलगनमध्ये जो विद्यार्थी एससीआर का बंद होत नाही आणि ६० व्होल्टचा मॉस्फेट का जळला याचे उत्तर शोधतो, तो या उद्योगांचा पहिला धडा शिकलेला असतो. तुकडा किती दूर गेला, याला त्या मानाने फारसे महत्त्व नाही.